चनबसप्पा मासे सोडतो

चनबसप्पाला गावात पोरंथोरं सगळी 'शाकाहारी बगळा' म्हणत, आणि त्यात त्यांचं फार काही चुकत नव्हतं. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, तासन्‌तास हलायचं नाही, डोळे पाण्यावर लावून ठेवायचे, आणि घरी येऊन खायचं काय, तर ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. एखाद्या जत्रेत शेजारच्या राहुटीतून मटणाचा वास आला तरी हा ताटावरून उठायचा. असा माणूस मासे दाखवण्याच्या कामावर पोट भरतो हे पाहुण्यारावळ्यांना सांगायचं म्हणजे पंचाईतच. म्हणून तो ते सांगतच नसे.

गाव वळसंगच्या खाली, भीमेच्या अलीकडच्या काठावर. पलीकडं कर्नाटक. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडण रंगात आलं की दोन्ही, अशी इथली रीत. गावाला लागून बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याच्या गाळ्यांत लोखंडी फळ्या बसवायच्या आणि पुढच्या पावसाआधी त्या काढायच्या, या कामावर चनबसप्पा मिसरूड फुटल्यापासून होता. काम हंगामी, पण नदीकाठी बसण्याचं वेड बारमाही लागलं. बंधाऱ्याखाली पाणी खडकांतून पळतं, पुढं एक खोल डोह आहे आणि डोहावर वाकलेला जुना उंबर. उन्हाळ्यात उंबर पिकून पाण्यात पडायला लागले की तळातून एक रुंद सोनेरी पाठ वर यायची, फळ तोंडात घ्यायची आणि सावकाश खाली जायची. भीमेत आता शोधून सापडणार नाही असा तो महाशीर जातीचा मासा. बाकीचे लोक टीव्ही बघतात, हा ते बघत बसायचा.

काही वर्षांपूर्वी पुण्याची तीन-चार माणसं गाडी घेऊन आली. त्यांच्या हातात बोटाएवढ्या जाडीच्या लांब लवचिक काठ्या. जाळं नाही, गांडुळं नाहीत, कणकेचा गोळा नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला एक खोटा किडा गळावर, आणि तो पाण्यावर नेऊन ठेवायचा म्हणून जाड दोर डोक्यावरून मागं-पुढं, मागं-पुढं फिरवायचा. बंधाऱ्यावरच्या बायका धुणं सोडून हसायला लागल्या. चनबसप्पाला मात्र हसू आलं नाही. खडकाच्या बगलेला तो किडा इतका अलगद उतरला की पाण्यालाही कळलं नाही, हे त्यानं पाहिलं होतं. त्या लोकांनी विचारलं, मोठे मासे कुठं असतात? त्यानं विचारलं, मारणार का? मारणार असाल तर मी वाट दाखवणार न्हाय. ते म्हणाले, आम्ही कधीच मारत नाही, धरतो, बघतो आणि सोडून देतो. गळाच्या टोकामागं जो उलटा काटा असतो, ज्यानं मासा अडकून राहतो, तोसुद्धा त्यांनी पकडीनं दाबून टाकलेला होता. तो त्यांनी दाखवला. चनबसप्पानं त्यावरून बोट फिरवून बघितलं, आणि त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. ते इतकं सहज उतरायला नको होतं, पण हे आत्ता म्हणायला सोपं आहे.

तेव्हापासून त्याला बोलावणी यायला लागली. कुठल्या खडकामागं मासा थांबतो, कुठल्या वेळी तो वर येतो, काठावर सावली कशी पडू द्यायची नाही, हे तो दाखवायचा. पुढं पुढं तो किडेही बांधायला शिकला. त्याची धाकटी बहीण शिवलीला कुंभारीला दिलेली. तिचा नवरा सोलापुरात चादरीच्या मागावर. तिथलं उरलंसुरलं लाल-जांभळं सूत ती भावाला आणून द्यायची. त्या सुतातून चनबसप्पानं एक गोल, टपोरा, पिकलेला उंबर तयार केला. आत गळ. पाण्यात पडला की आवाजही उंबरासारखाच यायचा. पुण्याच्या लोकांनी तो हातात घेऊन वाहवा केली. त्या दिवशी चनबसप्पाची मान ताठ होती हे खरं.

आता प्रश्न होता घरचा. बायको महेश्वरी लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेली, मूलबाळ नाही. घरात तो आणि आई, मल्लव्वा. मल्लव्वा म्हणजे देवभोळी नव्हे, पक्की धार्मिक बाई. सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायची नाही. कोंबडी पाळणाऱ्या घरचं ताकसुद्धा तिला चालत नसे. तिनं एकदा सरळ विचारलं, "पुण्याची मान्सं तुला कशाला बोलीवत्यात रं?"

चनबसप्पा म्हणाला, "मासे सोडायला, अव्वा."

हे खोटं नव्हतं. पण आमच्याकडं 'मासे सोडणे' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दरसाल सरकारी माणसं डब्यांतून माशांची पिल्लं आणतात आणि तळ्यात ओततात. लोक बघायला जमतात. त्याला म्हणतात मासे सोडणे. आणि मल्लव्वाची मूळची भाषा कानडी धरली तरी सुटका नाही, कारण तिथंही 'बिडु' म्हणजे सोड, आणि त्याचाही तोच अर्थ निघतो. मल्लव्वाला वाटलं, पोरगं नदीत माशांची पिल्लं सोडतंय. ती खूश झाली. शेजारच्या चंद्रव्वाला तिनं सांगितलं, मठात सोमवारी जमणाऱ्या बायकांना सांगितलं. लोकांची पोरं जीव धरायला जात्यात, माजं सोडाय जातं, असं ती म्हणायची. मठात तिनं त्याच्या नावानं नारळ फोडला. चनबसप्पा तेव्हा शेजारी हात जोडून उभा होता, आणि त्यानं काही म्हणजे काही सांगितलं नाही.

पुढं मल्लव्वाला वारं आलं, अर्धांग. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला वाकडं झालं. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. घास आत घातला की ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायचा. भूक लागलेली, अन्न समोर, आणि तोंड ऐकत नाही. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळायचं. चनबसप्पा हळूहळू शिकला. भाकरी दुधात कुस्करायची, घास सुपारीएवढा करायचा, डाव्या गालाशी नेऊन ठेवायचा, गिळेपर्यंत थांबायचं, मग तिच्याच पदरानं ओठ पुसायचा. सुपारीएवढ्या घासांनी एक भाकरी संपवायची म्हणजे बसलेल्याचा पाय सुन्न होतो. पण ती खायला लागली, बोलायला लागली, अडखळत का होईना चंद्रव्वाशी भांडायला लागली. चंद्रव्वा आंघोळ घालून द्यायची, शिवलीला आठवड्याला येऊन जायची, पण जेवण मात्र त्याच्याच हातचं. दुसऱ्या कुणी भरवायला घेतलं तर ती तोंड मिटायची. त्याच्या आयुष्यात एवढी मोठी पदवी त्याला कुणी दिली नव्हती.

आणि म्हणूनच त्याला भीती होती. आपण माशाच्या तोंडात गळ अडकवायला लोकांना नेतो हे अव्वाला कळलं, तर या हातचा घास ती घेणार नाही. ही एकच भीती तो रोज उशाला घेऊन झोपायचा.

या उन्हाळ्यात त्या पुणेकरांतला पृथ्वीराज आला. पुण्यात त्याचा स्वतःचा छोटा कारखाना, पण माणूस साधा. इतकी वर्षं येत होता, चनबसप्पाला मान देऊन 'आप्पा' म्हणायचा, काठावर पडलेल्या दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्याही गोळा करून गाडीत टाकायचा. या खेपेला मात्र त्याच्या हाताला काहीच लागलं नाही. शेवटच्या दिवशी तो तोंड पाडून खडकावर बसला. चनबसप्पाला त्याची दया आली. दया आली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. सुताचा उंबर त्या सोनेरी पाठीला फसवतो का, हे त्याला स्वतःलाही बघायचं होतं. उंबराखालचा डोह त्यानं आजवर कुणाला दाखवला नव्हता. त्या दिवशी दाखवला.

उंबर अलगद पडला. सोनेरी पाठ वर आली, फळाशी थांबली, आणि तिनं ते घेतलं.

"लागला, आप्पा, लागला," पृथ्वीराज म्हणाला. दोर डोहभर फिरत राहिला. शेवटी मासा थकला. काठाशी आला तेव्हा तो चनबसप्पाच्या मांडीएवढा लांब होता, खवले रुपयाएवढे, डाव्या कल्ल्यामागं दोन खवले नसलेला पांढरा डाग. इतकी वर्षं वरून पाहिलेला मासा आता हातात होता. गळ मात्र ओठात नव्हता, जबड्याच्या कोपऱ्यात आत गेला होता. पृथ्वीराजला फोटो हवा होता. एक उन्हाकडं तोंड करून, एक सावलीत, एक आप्पांसोबत. चनबसप्पाच्या ओठांवर दोनदा आलं की बास करा साहेब, आणि दोनदा त्यानं ते गिळलं. पकडीनं गळ काढताना कोपरा फाटला, थोडं रक्त आलं. मग त्यानं माशाला पाण्याच्या धारेकडं तोंड करून दोन्ही हातांत पाण्यातच सरळ धरलं, शेपटीत जोर येईपर्यंत. मासा गेला, पण झपकन नाही गेला. रेंगाळत गेला.

पृथ्वीराजच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणाला, आजवर आईंना भेटलो नाही, आज पाया पडूनच जाणार. नाही म्हणायला चनबसप्पाला कारण सापडेना. वाटेत तो एवढंच म्हणाला की अव्वाची तब्येत नाजूक हाय, तिला जास्त काय सांगू नका. पृथ्वीराजला वाटलं, आप्पा संकोचतायत.

मल्लव्वा ओट्यावर उशाला टेकून बसली होती. पृथ्वीराज पाया पडला, शेजारी मांडी घालून बसला आणि उत्साहानं मोबाईल तिच्यापुढं धरला. "आजी, हा बघा. तुमच्या मुलामुळं आज हा मला बघायला मिळाला. आणि लगेच सोडला हं आम्ही."

सोडला म्हटल्यावर मल्लव्वाचं वाकडं तोंड हसलं. तिनं डाव्या हातानं मोबाईल जवळ घेतला. चनबसप्पा दारातल्या खांबाला धरून उभा होता. मल्लव्वा फोटो बराच वेळ बघत राहिली, आणि तिचं हसू हळूहळू उतरलं.

"तोंडात काय हाय त्येच्या?"

तो गळ असतो, अगदी बारीक, त्यानं माशाला काही होत नाही, असं पृथ्वीराजनं समजावून सांगितलं. तिनं मान डोलवली. डाव्या हातानं त्याच्या कपाळाला विभूती लावली, गुळाचा खडा द्यायला लावला. पाहुणा समाधानानं गाडीत बसून गेला. त्याचा यात काही दोष नव्हता, हे चनबसप्पालाही कळत होतं, आणि त्यामुळं राग कुणावर काढावा हेच त्याला समजेना.

दिवस मावळताना त्यानं भाकरी कुस्करली. इतक्या वर्षांत त्यानं मनात एक पूर्ण कैफियत तयार ठेवली होती. जीव घेतला न्हाय, रक्ताला शिवलो न्हाय, खाल्लं तर न्हायच न्हाय. लिंगावर हात ठेवून सांगायची त्याची तयारी होती. त्यानं घास केला, डाव्या गालाशी नेला. मल्लव्वानं ओठ मिटले.

तो वाट बघत राहिला. आता ती धर्माचं काढणार, मठाचं काढणार, नारळाचं काढणार. पण ती कानडीत म्हणाली, "तिंतैतेनु?" आणि त्याला कळलं नाही असं वाटून तेच मराठीत म्हणाली, "त्यो खातो का मग?"

"कोन?"

"त्यो मासा. सोडल्यावर. तसल्या तोंडानं त्येला खायला येतं का?"

चनबसप्पाच्या हातात घास तसाच राहिला. इतके मासे त्यानं सोडले होते, शेपटी हलेपर्यंत धरून ठेवले होते, पाण्यात दिसेनासे होईपर्यंत बघितले होते. पुढं ते काय खातात, खातात की नाही, हा विचार एकदाही त्याच्या मनाला शिवला नव्हता. तो म्हणाला, येत असंल की. तिनं विचारलं, बघितलंस का? तो म्हणाला, न्हाय.

तिनं दोन चमचे ताक घेतलं आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती रुसली नव्हती, हेच अवघड होतं. रुसली असती तर समजूत काढता आली असती. ती तोंड उघडायचा प्रयत्न करायची, घास आत जायचा, आणि गिळायच्या आधीच तिचा गळा आवळून यायचा. घास परत बाहेर. आजाराच्या पहिल्या दिवसांत यायचा तसा. कुंभारीहून शिवलीला धावत आली. तिला वाटलं, आईनं भावाच्या धंद्यावरून हट्ट धरलाय. तिनं आधी आईला समजावलं, मग अंगणात येऊन भावाला धारेवर धरलं. अण्णा, येवडी वर्षं लपवलंस, मला तरी सांगायचं व्हतंस. ते सूत तू कशाला नेतोस ते आज कळलं मला. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शिवलीलानं स्वतः गव्हाची हुग्गी केली, आईच्या आवडीची, खिरीसारखी पातळ, गुळाची, आणि भरवायला बसली. मल्लव्वा पोरीकडं बघून म्हणाली, "राग न्हाय गं माजा. घास तोंडाशी आला की त्येचं तोंड आठवतं. गिळंना की."

चनबसप्पा रोज डोहावर जायला लागला. काठी नाही, दोर नाही. उंबरावर चढून पिकली फळं खिशात भरायची आणि काठावर पोटावर पडून एकेक पाण्यात टाकायचं. पाणी तेव्हा कमी आणि नितळ होतं, तळातले खडक मोजता येतील इतकं. बारकी मासळी धावून यायची, फळ टोचायची. पांढऱ्या डागाचा तो मासा खडकाच्या सावलीत दिसायचा. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा जिवंत आहे म्हणून चनबसप्पानं आकाशाकडं बघून हात जोडले. पण उंबर पडला की मासा सावलीतून निघायचा, फळाच्या खाली यायचा, थांबायचा, आणि तोंड न उघडता मागं फिरायचा. रोज असंच. तोंड दुखतं म्हणून खात नाही, की उंबरावरचा त्याचा विश्वास उडालाय, हे कळायला मार्ग नव्हता. यातलं दुसरं चनबसप्पाच्या जास्त जिव्हारी लागलं. ती फळं कुणी खोटी केली होती, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं घरी येऊन सुताचे सगळे उंबर चुलीत घातले. त्यानं डोहातल्या माशाला काय कळणार होतं म्हणा.

घरी आला की मल्लव्वा त्याच्याकडं बघायची. तो नुसती 'न्हाय' अशी मान हलवायचा. ती भिंतीकडं तोंड करायची.

वळसंगचे डॉक्टर येऊन गेले. चेहऱ्याची कातडी ओढून बघितली, नाडी बघितली, चनबसप्पाला बाहेर घेऊन म्हणाले, असं चालणार नाही. पोटात काही जात नसेल तर सोलापूरला न्यावं लागेल, नाकातून नळी घालून त्यातून अन्न द्यावं लागेल. आणखी दोन दिवस बघा, मग मात्र थांबू नका. ते हळू बोलले होते, पण मल्लव्वाचे कान शाबूत होते. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, नळी नको. माज्या तोंडात, नाकात काय घालू नका. ती हे शांतपणे म्हणाली, आणि चनबसप्पा परसात जाऊन चुलीसाठी रचलेल्या लाकडांपाशी उभा राहून रडला. पन्नाशी ओलांडलेला बाप्या, आईसाठी पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोहाकडं निघाला तर लांबूनच आवाज आला. उजनी धरणातून पाणी सुटलं होतं. सोलापूरच्या पिण्यासाठी दरवर्षी सुटतं तसं, पण ते नेमकं आज पोचलं होतं. बंधाऱ्याच्या फळ्यांवरून गढूळ लोट पडत होता. खडक बुडाले होते, डोह बुडाला होता, उंबराच्या खालच्या फांद्या पाण्यात ओढल्या जात होत्या. मासा कुठं, तळ कुठं, काही दिसायची सोय उरली नव्हती. तो बराच वेळ काठावर उभा राहिला. खिशातली फळं त्यानं तशीच लोटात टाकली आणि घराकडं वळला.

वाटेत त्यानं ठरवलं. आयुष्यभर आईशी अर्धं बोलत आलो, आज पुरतं खोटं बोलायचं. तिच्या नाकात नळी जाताना बघण्यापेक्षा हे पाप बरं. एकदा ठरल्यावर त्याला हलकं वाटलं. घरी येऊन त्यानं हातपाय धुतले, भाकरी थापली, गरम गरम दुधात कुस्करली. चंद्रव्वा आंघोळ घालून नुकतीच गेली होती. मल्लव्वाची पूजा झाली होती, डाव्या तळहातावरचं लिंग तिनं गळ्यातल्या वस्त्रात ठेवलं होतं. कपाळावरची विभूती ओली होती. चेहरा एवढासा झाला होता.

तो शेजारी बसला आणि मान न हलवता म्हणाला, "खाल्लं, अव्वा. आज खाल्लं त्येनं. माज्या डोळ्यानं बघितलं. उंबर टाकला, वर आला आनी तोंड उगडून आत घेतला."

मल्लव्वा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आधी आनंद आला, तो त्याला स्पष्ट दिसला. मग ती म्हणाली, "उजनीचं पानी आलंय म्हनं आज. चंद्रव्वा सांगत व्हती, फळ्यांवरनं चाललंय म्हनून."

चनबसप्पानं वाटी खाली ठेवली.

"तळ कसा दिसला तुला?"

नदीकाठी सारा जन्म काढलेला माणूस, आणि पाणी आल्यावर तळ दिसत नाही एवढं साधं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्याची मान खाली गेली. दुधाच्या वाटीत दोन थेंब पडले आणि ते तिलाही दिसले. आता संपलं, असं त्याला वाटलं. या हातचा घास संपला.

मल्लव्वानं डावा हात पुढं केला आणि त्याचं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती. "भ्यालास व्हय रं येवडा," ती म्हणाली. "मी जाईन म्हनून?"

त्यानं मान डोलवली.

"मग ऐक. पानी उतरलं की जा तितं. रोज जा. त्यो खाईल तवा खरं येऊन सांग. खायचा न्हाई म्हनलास तरी खरंच सांग." बोलताना तिला धाप लागली. ती थांबली, श्वास घेतला. "तवर मी खाते."

तिनं त्याचं मनगट सोडलं नाही, तसंच आपल्या तोंडाकडं ओढलं. ओठ उघडले. वाकडे, कोरडे, कोपऱ्यात भेगाळलेले. चनबसप्पानं घास डाव्या गालाशी ठेवला. तिचा गळा आवळला, डोळ्यांत पाणी आलं, घास परत ओठाशी आला. तिनं तो डाव्या हातानं आत ढकलला आणि डोळे घट्ट मिटून गिळला. गिळताना तिला दुखलं, ते दोघांनाही कळलं.

त्यानं तिच्याच पदरानं तिचा ओठ पुसला. मग पुढचा घास केला, आधीच्यापेक्षा लहान, आणि तिचा गळा मोकळा होईपर्यंत हातात धरून बसला.